ओल कोणाची?

वाचकहो, घराची डागडुजी काढली की एक काम ठरवावे आणि त्यातून तीन कामे निघावीत, हा अनुभव तुम्हांलाही असेल. आमच्या घरी असेच झाले. त्याची हकीकत सांगतो. हकीकत नळाची आहे, तशीच आमच्या एका चुकीचीही आहे.

आम्ही माळेगाव बुद्रुकला राहतो. बारामतीहून नीरेकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचे गाव आहे. नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी या भागाला सव्वाशे वर्षांहून अधिक काळ मिळते. आमचे घर जुने. पुढे ओटी, मधे माजघर, मागे स्वयंपाकघर आणि त्याला लागून न्हाणी. न्हाणीच्या पलीकडे आबांचे घर. मधली भिंत सामाईक.

या सामाईक भिंतीला ओल आली. आधी तळाशी काळा पट्टा दिसला. मग तो गुडघ्याएवढा वर चढला. रंगाचे पोपडे सुटले, पांढरा लोणा फुटला. हात लावला की भिंतीचा भुगा हाताला येई. आम्ही लगेच ठरवून टाकले की, ही ओल आबांच्या न्हाणीची. तसे त्यांना बोललोही. आबा म्हणाले, "गुरुजी, आमची मोरी म्या सवता बांधलीया. पाण्याचा थेंब तुमच्याकडं यायचा न्हाई." आम्हांला ते पटले नाही. सारा जन्म मुलांच्या पाट्यांवरच्या चुका काढण्यात गेलेला. दुसऱ्याची चूक आम्हांला चटकन दिसते! शब्दाने शब्द वाढला. येणेजाणे थांबले. दिवाळीचे ताट जाईना, येईना. आबांच्या नातवाचे बारसे झाले, आम्ही गेलो नाही. तीन वर्षे असे चालले. तेवढ्या काळात आम्ही त्या भिंतीला दोनदा गिलावा केला. दोन्ही वेळा ओल पुन्हा वर आली.

मग चिरंजीवांनी न्हाणी मोडून नवी मोरी आणि स्वयंपाकघराला नवी फरशी करायचे ठरवले. चैत्रात काम सुरू झाले. मिस्त्री आले, बरोबर दोन गडी. दारात वाळूचा ढीग पडला, विटा रचल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी न्हाणीतली शहाबादी फरशी उचलली. तिच्याखाली भाताच्या खाचरासारखा काळा चिखल! मिस्त्री म्हणाले, "गुरुजी, हितं पानी कुठनं आलं?" आम्ही बोटाने आबांची भिंत दाखवली. गड्याने चिखल काढायला कुदळ टाकली, आणि खालून पाण्याची चिळकांडी उडाली ती थेट आढ्यापर्यंत.

गच्चीवर हजार लिटरची टाकी. सकाळीच भरलेली. ते सगळे पाणी आता न्हाणीतून स्वयंपाकघरात आणि तिथून माजघरात निघाले. माजघरात ज्वारीची पोती होती. त्याहून वाईट गोष्ट म्हणजे, फरशी कापण्याच्या यंत्राची वायर जमिनीवर पडलेली होती. तिला एके ठिकाणी चिकटपट्टी लावून जोड दिलेला. पाणी त्या जोडाकडेच चालले होते. आम्ही पोती उचलायला धावलो. सूनबाई ओरडल्या, "मामंजी, पाय टाकू नका!" त्या ओटीवर कोरड्यात उभ्या होत्या. तिथूनच त्यांनी मेन स्विच खाली ओढला. त्या क्षणी आम्हांला पोत्यांची चिंता होती आणि त्यांना माणसांची.

म्हणून पहिली गोष्ट ही लक्षात ठेवा. घरात पाणी पसरले की, पाण्याच्या आधी वीज बंद करायची. हात कोरडे हवेत आणि पाय कोरड्या जागी हवेत. मेन स्विचचा बोर्डच भिजला असेल, किंवा तिथवर जायला पाण्यातून जावे लागत असेल, तर त्याला हात लावू नये. सर्वांनी बाहेर यावे आणि लाइनमनला बोलवावे. हल्ली आरसीसीबी नावाची एक पेटी मिळते. विजेचा थोडासा प्रवाह जरी भिंतीत, पाण्यात किंवा माणसाच्या अंगात शिरला, तरी ती वीज क्षणात तोडते. आमच्या घरी ती नव्हती. आता आहे.

दुसरी गोष्ट पाणी बंद करण्याची. टाकीतून खाली येणाऱ्या पाइपाला एक चावी असते, तिला व्हॉल म्हणतात. तो बंद केला की घरातले पाणी थांबते. आमचा व्हॉल होता, पण परसात, वाळूच्या ढिगाखाली! मिस्त्रींनी तिथे वाळू टाकली तेव्हा आम्हीच "टाका, टाका" म्हणालो होतो. गड्यांनी हातांनी वाळू उपसली. व्हॉल सापडला, पण कित्येक वर्षांत कोणी फिरवला नव्हता, तो जागचा हलेना. पान्याने जोर केला असता तर तोही तुटला असता. मग चिरंजीवांनी युक्ती केली. परसातली आणि गोठ्यातली अशा दोन्ही तोट्या पूर्ण उघडल्या आणि त्यांखाली पिंप, घागरी, बादल्या लावल्या. टाकीतले बरेच पाणी तिकडे गेले, इकडचा जोर कमी झाला आणि पाणीही वाया गेले नाही.

आरडाओरडा ऐकून भिंतीपलीकडून आबा आले. तीन वर्षांनी ते आमच्या उंबऱ्याच्या आत आले. हातात सायकलची जुनी ट्यूब आणि तारेचे भेंडोळे. आबांनी साखर कारखान्यात पाइपाचीच कामे केलेली. त्यांनी कोणाला काही विचारले नाही. धोतर खोचले आणि चिखलात बसले. ट्यूबची लांब पट्टी कापली, ती ताणून ताणून फुटक्या जागेवर गुंडाळली, वरून तार आवळली. चिळकांडी थांबली आणि थेंब थेंब उरला. रबर असे ताणून बांधले की ते स्वतःच आवळत राहते. म्हणून साधे फडके बांधण्यापेक्षा ते चांगले. हा उपाय अर्थात घटका दोन घटकांचा. त्यावर गिलावा करून मोकळे होणारे लोक आम्ही पाहिले आहेत.

मग आबांनी पाइपावरचा चिखल बोटाने पुसला. कुदळीच्या घावाची जागा चकचकीत दिसत होती. पण तिच्या शेजारी, पाइपाच्या सांध्यापाशी, गंजाचा फोड होता आणि त्यात जुने भोक. भोकाच्या कडा झिजून गुळगुळीत झालेल्या. पाइप काल फुटलेला नव्हता. वर्षानुवर्षे गळत होता. गळलेले पाणी पायाच्या दगडांच्या फटीतून सहा हात लांब जाऊन सामाईक भिंतीत वर चढत होते.

आबांनी एकदा भिंतीला तळवा लावला. बोलले काही नाहीत. हात धुऊन घरी गेले.

आम्ही तिथेच पायरीवर बसून राहिलो. ओल जिथे दिसते तिथेच गळती असते असे नाही, पाणी उताराने आणि फटीने जाते, हे आम्ही शाळेत शिकवलेले. आमच्याच घरी ते आम्हांला आठवले नाही.

आता हा पाइप का सडला ते पाहू. जुने नळ लोखंडाचे असत, त्यांवर जस्ताचा मुलामा असे. मुलामा शाबूत असेतोवर लोखंड गंजत नाही. पण सांध्यासाठी आटे पाडताना मुलामा निघून जातो आणि तिथे पाइप पातळही होतो. म्हणून गळती बहुधा सांध्याजवळ सुरू होते. त्यात आमच्याकडची काळी जमीन. ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. तिच्याबरोबर पाइप वरखाली ओढला जातो. आणि नीरेच्या खोऱ्यात जमीन खारट होण्याचे दुखणे जुने आहे. कालव्याचे पाणी आले, उसाला ते भरपूर दिले गेले, पण निचरा पुरेसा नव्हता. जमिनीतले पाणी वर आले आणि त्याबरोबर क्षारही वर आले. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे डॉ. हॅरॉल्ड मान आणि तामहाणे यांनी नीरा खोऱ्यातल्या या खारट जमिनींची पाहणी करून १९१० साली पुस्तिका लिहिली होती. खारट ओल्या मातीत लोखंड लवकर गंजते. बैलगाडीची धाव मिठाच्या पाण्यात ठेवून पाहा, म्हणजे कळेल.

मग ओल नळाची, पावसाची की शेजाऱ्याची, हे ओळखायचे कसे? एक साधी परीक्षा आहे. ती आबांनीच नंतर सांगितली. रात्री निजताना टाकी पाहावी. पाणी जिथवर आहे तिथे आतून कोळशाने रेघ मारावी. घरातल्या सर्व तोट्या बंद कराव्यात. रात्री कोणी पाणी घेऊ नये, मोटार लावू नये. सकाळी पाणी रेघेवरच असेल तर टाकीखालचा नळ बहुधा ठीक आहे. पाणी खाली गेले असेल तर ते कुठेतरी गळते आहे. मात्र टाकीच फुटकी नाही ना, हेही पाहावे. गावच्या नळापासून टाकीपर्यंत येणारा पाइप या परीक्षेत कळत नाही. तो फक्त पाणी येते तेव्हाच गळतो, म्हणून पाणी आले की त्याच्या वाटेवरची जमीन पाहावी. आणखी एक खूण आहे. पावसाची ओल पावसाळ्यात वाढते आणि उन्हाळ्यात उतरते. आमची ओल वैशाखातही तशीच होती. एवढे जरी आम्ही पाहिले असते तरी पुरे होते. कोळशाचा एक तुकडा आणि एक रात्र, एवढाच खर्च होता.

आबांनी बांधलेल्या पट्टीतून थेंब पडतच होते. चिरंजीवांनी त्याखाली लिटरभराचे माप ठेवले. ते तासाभरात भरले. चला, हिशेब करू. तासाला 1 लिटर, तर दिवसाला 24 लिटर. तीस दिवसांच्या महिन्याला 720 लिटर. गावच्या नळयोजना आखताना सरकार माणशी रोज 55 लिटर पाणी धरते. 2019 साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनचे हेच माप आहे. म्हणजे 720 लिटरांत तेरा माणसांचा एक दिवस निघतो. तीन वर्षांचे 26,280 लिटर होतात. पट्टी बांधण्यापूर्वी किती गळत होते ते कोण सांगणार, पण एवढेच धरले तरी दहा हजार लिटरचे दोन टँकर भरून पाणी उरते. आपल्याच तालुक्याच्या जिराईत भागात उन्हाळ्यात लोक टँकरची वाट पाहतात, आणि आम्ही कालव्याकाठी बसून ते पाणी भिंतीला पाजत होतो. वर मोटारीचे वीजबिल भरत होतो ते वेगळेच.

गळका नळ नुसते पाणीच घालवत नाही. त्याचा दुसरा धोका मोठा आहे, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. नळाला पाणी असते तेव्हा ते भोकातून बाहेर येते. पण आपल्याकडे गावचे पाणी ठराविक वेळीच येते. पाणी गेले, पाइप रिकामा होऊ लागला, की आत ओढ तयार होते. मग भोकाभोवतीचे घाण पाणी पाइपात शिरते. तिथून जर गटार किंवा मोरी जात असेल तर काय होईल ते सांगायला नको. विषमज्वर, कावीळ, पटकी, हगवण हे रोग अशाच पाण्यातून येतात.

यावर एक खरी गोष्ट सांगतो. 1854 साली लंडन शहरात पटकीची मोठी साथ आली. ब्रॉड स्ट्रीट नावाच्या गल्लीभोवती थोड्याच दिवसांत पाचशेहून अधिक माणसे मेली. लोक म्हणत, रोग घाणेरड्या हवेतून येतो. जॉन स्नो नावाचे एक डॉक्टर घरोघर फिरले. कोण मेले आणि ते पाणी कुठले पीत, हे त्यांनी विचारून लिहून काढले. मेलेले बहुतेक लोक एकाच हातपंपाचे पाणी पिणारे निघाले. डॉक्टरांनी सांगून त्या पंपाचा दांडा काढवला. पुढच्या वर्षी खणून पाहिले तेव्हा दिसले की, विहिरीला अगदी लागून एका घराचा संडासाचा खड्डा होता आणि त्याच्या जुन्या विटा सडल्या होत्या. त्यांच्या फटीतून घाण विहिरीत पाझरत होती. त्या विटा घरमालकाला कुठे दिसत होत्या?

आमच्याही न्हाणीची मोरी त्या पाइपापासून वीतभर अंतरावरून जात होती. देवाच्या कृपेने घरात कोणी अंथरुणाला खिळले नाही. तरी दुरुस्ती होईतो आम्ही पिण्याचे पाणी उकळून घेतले. नंतर टाकी घासून धुतली आणि नव्या नळाचे सुरुवातीचे पाणी सोडून दिले.

दुसऱ्या दिवशी प्रश्न आला पैशाचा. मिस्त्रींशी ठरलेल्या रकमेत नळाचे काम नव्हते. चिरंजीव म्हणाले, "पाइप तुमच्या गड्याने फोडला." मिस्त्री म्हणाले, "पाइप सडलेला व्हता. म्या कुदळ टाकली म्हनून तुम्हांला कळलं तरी." दोघांचेही खरे होते. शेवटी असे ठरले की, सामान आमचे, आणि बुडालेल्या अर्ध्या दिवसाची मजुरी मिस्त्रींनी धरायची नाही. हे आम्ही वहीत लिहिले, खाली दोघांनी सही केली. खरे तर असा कागद काम सुरू होण्यापूर्वीच करायला हवा. खोदताना काही फुटले तर खर्च कोणाचा, ही एक ओळ त्यात घातली की भांडण निम्मे होते. तुम्ही आता लिहू शकता, मग तोंडी व्यवहार कशाला?

सडका तुकडा तेवढा कापून नवा घालावा, असे एकाने सुचवले. आम्ही ते मानले नाही. एका ठिकाणी सडलेला पाइप शेजारीही सडलेलाच असतो. सगळी ओळ बदलली, गावच्या नळाचीही. आता प्लास्टिकचे पाइप मिळतात, ते गंजत नाहीत. पण त्यांतही प्रकार आहेत. साध्या पीव्हीसी पाइपाला गरम पाणी चालत नाही. बंबाचे किंवा सोलरचे पाणी असेल तर सीपीव्हीसी घ्यावा. उघड्या उन्हात हे पाइप ठिसूळ होतात, म्हणून ते झाकावेत. सांधा करताना पाइप सरळ कापावा, कडेचा चुरा काढावा, पुसून कोरडा करावा. मग पाइपाला बाहेरून आणि जोडाला आतून चिकटद्रव लावून पाइप आत सारावा, थोडा फिरवावा आणि दाबून धरावा. पाणी किती वेळाने सोडायचे ते डब्यावर लिहिलेले असते. ते वाचावे. फिटर घाईत असला तरी आपण वाचून त्याला सांगावे. तोटीच्या आट्यांना पूर्वी सण आणि सफेदा लावत. जुना सफेदा शिशाचा असे, आणि शिसे पोटात जाणे वाईट. आता पांढरी टेफ्लॉन पट्टी मिळते. तोटी ज्या दिशेने आवळते त्याच दिशेने ती गुंडाळायची. उलटी गुंडाळली तर तोटी बसवताना सुटून येते.

संध्याकाळी सगळे जोडून झाले. मिस्त्री म्हणाले, "गुरुजी, सिमेंट भिजवलंय, बुजवून टाकू." आम्ही नको म्हणालो. थोडे सिमेंट वाया जाईल तर जाऊ द्या. टाकी भरली, तोट्या बंद केल्या, प्रत्येक सांधा कोरड्या फडक्याने पुसला आणि खाली वर्तमानपत्राचे तुकडे पसरले. पहाटे कंदिलाएवढी एक बॅटरी घेऊन पाहायला गेलो. सात तुकडे कोरडे होते. आठव्यावर रुपयाएवढा ओला डाग होता. तो सांधा कापून पुन्हा केला, आणखी एक रात्र थांबलो, आणि मगच माती लोटली. मिस्त्रींनी तोंड वाकडे केले खरे, पण मागच्या महिन्यात दुसऱ्या एका घरी त्यांनी स्वतःहून वर्तमानपत्र मागितल्याचे आम्ही ऐकले.

भिंतीचे मात्र घाईने काही केले नाही. ओला गिलावा ओलीच्या वर हातभर उंचीपर्यंत काढून भिंत उघडी ठेवली. आतली ओल बाहेर पडायला वाट हवी. वरून सिमेंट थापले की ती कोंडते आणि दुसरीकडे फुटते. आम्ही दोनदा तेच केले होते. या खेपेला दोन महिने वाट पाहिली.

त्या दोन महिन्यांत एक काम राहिले होते. ते आम्हांला नळाच्या कामापेक्षा जड गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही आबांकडे गेलो. काय बोलायचे ते रात्री मनात जुळवले होते, पण उंबऱ्यात गेल्यावर एवढेच म्हणालो, "आबा, ओल आमची होती." आबा म्हणाले, "व्हय. पाइप बघितला तवाच कळलं." मग आत वळून त्यांनी चहा ठेवायला सांगितले. त्यांच्या बाजूची भिंत आम्ही तेव्हा पहिल्यांदा पाहिली. ती आमच्यापेक्षा वाईट होती. नातवाचा पाळणा त्यांनी त्या खोलीतून हलवून ओटीवर बांधलेला होता. तीन वर्षे आम्ही त्यांना बोल लावत होतो, आणि ओलीचा जाच त्यांच्या घराला होत होता. त्यांच्या भिंतीचा खर्च आम्ही देऊ म्हणालो. आबा नको म्हणाले नाहीत. दोन पोती सिमेंट आणि गवंड्याची मजुरी त्यांनी घेतली, आणि पैसा न पैसा लिहून हिशेब दिला. आम्हांला तेच बरे वाटले.

जुना नळ आमच्या थोरल्या बंधूंनी घातला होता. तो कुठून कुठे जातो, हे त्यांनाच ठाऊक होते. ते वारले, त्यांच्याबरोबर ती माहितीही गेली. म्हणून या वेळी माती लोटण्यापूर्वी आम्ही कागदावर नकाशा काढला. भिंतीपासून पाइप किती फुटांवर, किती खोल, सांधे कुठे, व्हॉल कुठे, हे सारे शब्दांत लिहिले. तो कागद स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. तुम्हीही हे आज करू शकता. चित्र सुबक नसले तरी चालेल. आकडे बरोबर हवेत. आणि नकाशात दाखवलेला व्हॉल महिन्यातून एकदा फिरवून पाहा, म्हणजे तो जाम होणार नाही.

आबा एकदा आले तेव्हा त्यांनी कपाट उघडून नकाशा वाचला. बोट ठेवून म्हणाले, "गुरुजी, हितं दोन फूट लिवलंय. सव्वादोन हाय."

टेप आणून मोजले. सव्वादोनच होते. कागद दुरुस्त केला.